तारेतली दवंडी

भाईंदर पूर्वेतल्या आमच्या संकुलात मागच्या गेटवर एक गोल घुमटाचा कॅमेरा आहे, सात नंबरचा. पावसाळ्यात त्याला एक खोड लागली. वॉचमनने केबिनमधली जॉयस्टिक डावीकडे ढकलली की तो वळायचा, पण सोडली तरी थांबायचा नाही. आपल्याच नादात फिरत राहायचा. त्याच्या दुरुस्तीला आलेल्या मुलाने केबिनमधली पेटी उघडली आणि मला हाक मारली, "काका, हे बघा. सगळ्या वायरी एकत्र पिळून एकाच टर्मिनलला कोंबल्यात!"

तांब्यावर हिरवा कळंक चढला होता. मिठागरांच्या आणि खाडीच्या वाऱ्याला ते सवयीचंच काम. पण खरा दोष त्या पिळण्यात होता.

जॉयस्टिक हलली की तारेतून सात आकडे निघतात. पेल्को-डी नावाच्या भाषेत "सात नंबर, डावीकडे वळ" हे असं लिहितात: 255, 7, 0, 4, 32, 0, 43. पहिला आकडा म्हणजे 'ऐका हो ऐका'. दुसरा कॅमेऱ्याचा नंबर. 4 म्हणजे डावीकडे, 32 हा वेग. शेवटचा 43 कुठून आला? मधले पाच आकडे जोडून बघा: 7, 0, 4, 32, 0. कॅमेरासुद्धा हीच बेरीज करतो. जुळली नाही तर निरोप वाटेत बिघडला असं समजून तो सोडून देतो. सेकंदाला 2400 बिट या गतीने अख्खा निरोप साधारण 29 हजारांश सेकंदात पोचतो. आजच्या हिशेबाने ही बैलगाडीच, पण मान वळवायला तेवढी पुरते.

दवंडी सगळ्यांच्या कानावर पडते, संकुलातले सोळाही कॅमेरे ती ऐकतात. पण ज्याचा नंबर त्यात आहे, तोच हलतो.

ही दवंडी आरएस-485 नावाच्या रीतीने जाते. 1983 साली ठरलेलं हे मानक मला फार देखणं वाटतं. दोन तारा एकमेकींभोवती पिळलेल्या. एकीवर दाब चढला की दुसरीवर उतरतो, आणि कॅमेरा फक्त दोघींमधला फरक वाचतो. तोही फक्त 200 मिलिव्होल्ट उरला तरी पुरे! लिफ्टची मोटर, पाण्याचा पंप, पलीकडे 25,000 व्होल्टच्या तारेखालून धावणारी विरार लोकल, सगळ्यांचा गोंगाट या तारांवर येऊन आदळतो. पण पिळामुळे तो दोघींवर जवळजवळ सारखाच चढतो, आणि सारख्यातून सारखं वजा केलं की उरतं काय? जवळपास शून्य. नुसत्या पीळ घालण्याने हे साधतं, आणि अशी तार 1200 मीटरपर्यंत बोलते.

मग सोळा फाटे एकत्र पिळले तर बिघडलं कुठे? प्रत्येक लाइनच्या टोकाला 120 ओहमचा रेझिस्टर लावतात, म्हणजे टोकाशी पोचलेला संकेत उलटा फिरत नाही. असे सोळा समांतर जोडले की 120 भागिले 16, साडेसात ओहम. पाठवणारी चिप साधारण 54 ओहमचा भार पेलेल अशी बनवलेली असते. सोळा फाट्यांपुढे तिचा आवाज बसतो. काही निरोप पोचतात, काही गळतात. सात नंबरला 'वळ' ऐकू जायचं, 'थांब' मात्र गळायचं.

त्या मुलाने नवी पेटी भिंतीवर बसवली, डेटा वाटणारी. एक लाइन आत, सोळा बाहेर. आलेली दवंडी ही पेटी जशीच्या तशी पुढे ढकलत नाही. ती ऐकते आणि प्रत्येक फाट्यासाठी वेगळ्या चिपमधून नव्या दमाने पुन्हा देते. जणू वेशीवरची बातमी ऐकून गल्लोगल्ली वेगळा दवंडीवाला निघावा. एका गल्लीत वायर चेंगरून शॉर्ट झाली तरी तिथलाच दवंडीवाला गप्प होतो, बाकीचे पंधरा ओरडत राहतात.

जोडताना त्याचे हात शांत होते. आधी वीज बंद. मग प्रत्येक जोडीतली अधिकची तार अधिकला, उण्याची उण्याला. अदलाबदल झाली तर सहसा काही जळत नाही, कॅमेरा नुसता बहिरा होतो. केबलवरची जाळी एकाच टोकाला अर्थिंगला जोडली. दोन्ही टोकांना जोडली तर दोन इमारतींच्या अर्थिंगमधल्या फरकामुळे जाळीतूनच प्रवाह खेळायला लागतो. टोकाचा पीळ त्याने जेमतेम बोटभर सोडवला, त्याहून जास्त नाही.

आता नव्या जागी आयपी कॅमेरे लागतात. तिथे वाटपाचं काम नेटवर्क स्विच करतो, पण त्याची तांब्याची एक केबल 100 मीटरच्या पुढे नेत नाहीत. मागच्या गेटपर्यंत आमची जुनी पिळाची जोडी एका दमात जाते.

वीज सुरू झाली. वॉचमनने दांडी डावीकडे केली, पेटीवरचे बारीक दिवे एकदम लुकलुकले, आणि पडद्यावर मागचं गेट, भिंत, मग खाडीकडचं आभाळ सरकत आलं. त्याने बोट उचललं. 255, 7, 0, 0, 0, 0, 7. चित्र जागच्या जागी थांबलं.