मुजफ्फरपूरच्या मुलांच्या मूत्रात काय सापडले

उत्तर बिहारमधील मुजफ्फरपूर जिल्ह्यात मे महिन्याच्या मध्यास लिची पिकू लागते आणि जूनमध्ये पहिला चांगला पाऊस पडेपर्यंत हंगाम आटोपतो. १९९५ पासून जवळजवळ याच आठवड्यांत तेथे लहान मुले मरत होती. आदल्या दिवशी बागेत हुंदडणारे, रात्री घरात निजलेले मूल पहाटे किंचाळून जागे होई, त्याला झटके येत, शुद्ध हरपे आणि पुष्कळदा काही तासांतच ते दगावे. बहुतेकांना ताप नसे. तरीही गावकऱ्यांनी या आजाराला नाव दिले ते ‘चमकी बुखार’. चमकी म्हणजे झटका. पाऊस आला की आजार नाहीसा होई, त्याबरोबर वार्ताहर आणि तज्ज्ञांची पथकेही परतत, आणि फायलीवर ‘गूढ मेंदूज्वर’ अशी नोंद पुढच्या मे महिन्यापर्यंत पडून राही.

मी आरोग्य धोरणावर लिहू लागण्यापूर्वी काही वर्षे एका प्रयोगशाळेत मास स्पेक्ट्रोमीटरवर काम करीत असे. मुजफ्फरपूरच्या कथेकडे मी पुनःपुन्हा वळतो त्यामागे थोडे जुने प्रेम आहे, हे कबूल करतो. परंतु मुख्य कारण वेगळे आहे. एखाद्या आजाराचे कारण शोधताना आपली व्यवस्था कोठे पाहते आणि कोठे पाहतच नाही, याचे इतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

ती प्रथम विषाणूकडे पाहते. यात वावगे काही नाही. गोरखपूर आणि आसपासच्या पट्ट्यात जपानी मेंदूज्वराने हजारो मुलांचे बळी घेतले होते, त्यामुळे मुजफ्फरपूरमध्येही तोच संशय येणे स्वाभाविक होते. रक्ताचे आणि पाठीच्या कण्यातील पाण्याचे नमुने विषाणूंच्या प्रयोगशाळांकडे जात आणि काही आढळले नाही असे उत्तर येई. मग नव्या विषाणूचा, वटवाघळांचा, उष्माघाताचा, कीटकनाशकांचा तर्क पुढे होई. विषाणू नसेल तर पुढचा नमुना कोणता घ्यायचा आणि तो कोणाकडे धाडायचा, याची ठरलेली वाट नव्हती.

ती वाट दाखवली ती एका साध्या निरीक्षणाने. मुजफ्फरपूरचे बालरोगतज्ज्ञ डॉ. अरुण शाह आणि वेल्लोरचे ज्येष्ठ विषाणुतज्ज्ञ डॉ. टी. जेकब जॉन यांनी २०१४ मध्ये मांडले की, या मुलांची रक्तशर्करा धोकादायकरीत्या घसरलेली असते. हा मेंदूचा संसर्ग नसून चयापचयाचा बिघाड असावा. विषाणूंच्या अभ्यासात आयुष्य घालवलेल्या माणसाने येथे विषाणू नाही असे सांगावे, हे मला विशेष मोलाचे वाटते. या आजाराशी जुळणारा एक दूरचा नातेवाईकही होता. जमैकात अॅकी नावाचे कच्चे फळ खाल्ल्याने उलट्या होऊन, रक्तशर्करा कोसळून माणसे मरत. त्या फळातून १९५४ मध्ये हायपोग्लायसिन हे द्रव्य वेगळे काढले गेले. अॅकी आणि लिची वनस्पतिशास्त्रात एकाच कुळातील. आपला रिठाही त्याच कुळातला. लिचीच्या बीमध्ये हायपोग्लायसिनचे धाकटे भावंड शोभावे असे ‘एमसीपीजी’ नावाचे द्रव्य असल्याचे १९६० च्या दशकापासून ठाऊक होते. लखनौच्या भारतीय विषविज्ञान संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी पुढे ते फळाच्या गरातही असल्याचे दाखवून दिले.

परंतु फळात विष असणे आणि त्याच विषाने अमुक मूल आजारी पडणे, या दोन गोष्टींत बरेच अंतर आहे. ते अंतर मास स्पेक्ट्रोमीटरने ओलांडले.

हे यंत्र म्हणजे रेणूंचा तराजू. रेणूला विद्युतभार द्यायचा, निर्वात पोकळीत विद्युत किंवा चुंबकीय क्षेत्रातून न्यायचे आणि भाराच्या प्रमाणात त्याचे वस्तुमान किती ते पाहायचे. शंभर वर्षांपूर्वी या तंत्राने मूलद्रव्यांची समस्थानिके वेगळी करण्याचे काम केले. शरीरातील नाजूक रेणू न मोडता विद्युतभारित करण्याची युक्ती साधल्यावर ते रक्तामूत्राकडे वळले. त्या युक्तीसाठी जॉन फेन यांना २००२ चे नोबेल मिळाले. एकापुढे एक दोन तराजू बसवले की पहिला रेणू निवडतो, मध्ये त्याचे तुकडे केले जातात आणि दुसरा ते तुकडे तोलतो. तुकड्यांच्या नक्षीवरून मूळ रेणू ओळखता येतो. रक्ताच्या एका थेंबातून अशा रीतीने डझनावारी पदार्थ एकाच वेळी मोजले की शरीराच्या भट्टीत काय जळते आहे आणि काय अर्धवट जळून साचते आहे, याचा आलेखच हाती येतो. चाचणी एका रोगाची उपस्थिती विचारते. हा आलेख गाडी कोठे अडली ते सांगतो.

२०१४ च्या उन्हाळ्यात राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्र आणि अमेरिकेतील सीडीसी यांच्या संयुक्त पथकाने मुजफ्फरपूरच्या दोन मोठ्या रुग्णालयांत तळ ठोकला. २६ मे ते १७ जुलै या काळात ३९० मुले दाखल झाली, त्यांपैकी १२२ मरण पावली. १०४ आजारी मुलांची तुलना अन्य कारणांनी दाखल झालेल्या त्याच वयाच्या १०४ मुलांशी केली गेली. आदल्या २४ तासांत लिची खाल्ल्याचा आजाराशी ठळक संबंध दिसला. रात्रीचे जेवण चुकल्याचाही दिसला. संसर्ग आणि कीटकनाशके यांच्या चाचण्यांतून काही हाती लागले नाही. मूत्रात मात्र लागले. आजारी मुलांच्या ७३ नमुन्यांपैकी ४८ मध्ये हायपोग्लायसिन, एमसीपीजी किंवा दोहोंचे चयापचयजन्य अवशेष आढळले. तुलनेच्या १५ नमुन्यांपैकी एकातही नाही. आजारी मुलांच्या रक्ताच्या ८० नमुन्यांपैकी ७२ मध्ये मेदाम्लांच्या ज्वलनाचा आलेख विस्कटलेला होता. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये हे निष्कर्ष जानेवारी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले.

हा विस्कटलेला आलेख शब्दांत मांडायचा तर असा. मूल उपाशी झोपते तेव्हा पहिले काही तास यकृतातील साठवलेली शर्करा त्याला पुरते. ती संपली की शरीर चरबी जाळते आणि त्या ऊर्जेवर यकृत नवी शर्करा घडवते. मेंदूचे काम त्यावर चालते. लिचीतील ही द्रव्ये नेमकी चरबी जाळण्याची वाट बंद करतात. धष्टपुष्ट मुलाच्या यकृतातला साठा सकाळपर्यंत टिकतो, म्हणून त्याला सहसा काही होत नाही. मुसहरांच्या किंवा शेतमजुरांच्या वस्तीतील कुपोषित मुलाचा साठा पहाटेपूर्वी संपतो, आणि दुसरी वाटही बंद असते. झटके पहाटेच का येत, याचे उत्तर इतके उघड होते.

‘लिचीने मुले मेली’ हा मथळा त्यामुळे मला अर्धा खोटा वाटतो. लिची दिल्लीत आणि मुंबईतही खाल्ली जाते. तेथील मुले मरत नाहीत. मुजफ्फरपूरच्या बागाईतदारांचा संताप मी समजू शकतो. तेथील शाही लिचीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि पुढच्याच वर्षी देशभर तिची बदनामी झाली. तेथील राष्ट्रीय लिची संशोधन केंद्रानेही फळाला दोषी ठरवण्यास हरकत घेतली. अभ्यासातही मोकळ्या जागा आहेतच. एक-तृतीयांश आजारी मुलांच्या मूत्रात अवशेष मिळाले नाहीत. बांगलादेशातील दिनाजपूर भागात २०१२ मध्ये लिचीच्या बागांजवळ अशाच आजाराने मुले मेली, तेव्हा तेथील संशोधकांनी कीटकनाशकांकडे बोट दाखवले. या शंका रास्त आहेत; पण ज्या मुलाला आज झटके येत आहेत त्याच्या उपचारात त्यांनी फरक पडत नाही. त्याला तातडीने साखर हवी.

उपाय म्हणूनच हास्यास्पद वाटावा इतका स्वस्त होता: मुलाला रात्री जेवू घालून झोपवा, लिची मर्यादेत द्या, झटके आले तर गावाजवळच रक्तशर्करा मोजा आणि वेळ न दवडता शिरेतून डेक्स्ट्रोज द्या. २०१३ मध्ये तपासलेल्या रुग्णांतील मृत्यूंचे प्रमाण ४४ टक्के होते. शर्करा तपासण्यावर आणि देण्यावर भर दिल्यानंतर, २०१४ मध्ये, ते ३१ टक्क्यांवर आले. पुढील वर्षांत रुग्णसंख्याही बरीच घटली. मग २०१९ उजाडले. भाजून काढणारा उन्हाळा होता, लोकसभेची निवडणूक नुकतीच उरकली होती. त्या हंगामात बिहारमध्ये १५० हून अधिक मुले मरण पावली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले.

त्या जूनच्या अखेरीस मी त्या भागातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलो होतो. ग्लुकोमीटर होता, कपाटात नीट ठेवलेला. पट्ट्या संपल्या होत्या. मागणीपत्र गेले आहे, असे तेथील परिचारिकेने मला दोनदा सांगितले, जणू उशीर तिच्यामुळेच झाला होता. कोट्यवधींच्या यंत्राने जे शोधले ते काही रुपयांच्या पट्टीअभावी निरुपयोगी ठरत होते.

येथे एखादा वाचक म्हणेल, मग त्या महागड्या यंत्राचा अट्टहास कशाला, पट्ट्याच घ्या. हा युक्तिवाद मला मान्य नाही. यंत्राने बोट ठेवले नसते तर विषाणूचा शोध आजही चालू असता आणि पट्टीचे महत्त्व कोणाला पटले नसते. शिवाय भारतात अशा यंत्रांचा दुष्काळही नाही. हैदराबाद, अहमदाबाद, बेंगळुरू येथील औषधउद्योगाच्या प्रयोगशाळांत ती रात्रंदिवस चालतात. जेनेरिक गोळी घेतल्यावर औषध रक्तात मूळ गोळीइतकेच उतरते का, हे त्यांवरच सिद्ध होते. या मोजमापांच्या आधारे आपली औषधे जगभर जातात. मुजफ्फरपूरच्या मुलांच्या मूत्रातील अवशेष मोजण्याची पद्धत मात्र अटलांटाच्या प्रयोगशाळेने बसवली. कौशल्य आहे, बाजारपेठेच्या कामाला जुंपलेले. साथीच्या वेळी त्याला हाक मारण्याचा अधिकार आणि पैसा कोणाकडे आहे, हे कोठेच लिहिलेले नाही.

ही उणीव फक्त बिहारची नाही. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाड्याची मुले मूत्रपिंडे निकामी होऊन नागपूरच्या रुग्णालयांत दाखल होऊ लागली, तेव्हाही सुरुवातीला संसर्गाचा शोध घेतला गेला. कारण निघाले खोकल्याचे औषध. तमिळनाडूच्या औषध नियंत्रकांना त्यात ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल आढळले. वीसहून अधिक मुले दगावली. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ मध्ये भेसळयुक्त ग्लिसरीनने १४ रुग्ण मेले होते, तेही याच विषाने. लेंटिन आयोगाचा अहवाल जुन्या वाचकांना आठवत असेल. एवढा अनुभव गाठीशी असलेल्या देशात ‘विष असू शकेल’ हा विचार पहिल्या आठवड्यात सुचायला हवा.

राज्यागणिक नवी संस्था उभारा, असे माझे म्हणणे नाही. इमारती बांधण्यात आपण तरबेज आहोत. आत हेलियमचा सिलिंडर आणि देखभालीचा करार दोन वर्षांत संपतो. देशात अशा चार-पाच प्रयोगशाळांना साथीच्या काळात नमुने स्वीकारण्याची जबाबदारी, त्यासाठीचा खर्च आणि शुद्ध प्रमाण-द्रव्यांचा साठा दिला तरी पुष्कळ होईल. कठीण काम आहे ते रुग्णालयाच्या दाराशी. नमुना उपचार सुरू होण्यापूर्वी किंवा लगेच घ्यायला हवा, गोठवायला हवा, गोठलेलाच पोहोचायला हवा. झटके येणाऱ्या तीन वर्षांच्या मुलाचे मूत्र पहाटे पाच वाजता गोळा करणे म्हणजे काय, हे त्या खोलीत उभे राहिलेल्यालाच कळते. २०१४ च्या त्या गाजलेल्या तपासात रुग्ण होते ३९०, अभ्यासात सामील झाले १०४, आणि मूत्राचे नमुने तपासता आले ७३.