जुन्या पिकअपला नवे आरसे : नानांच्या गाडीची गोष्ट

गेल्या पावसाळ्याच्या तोंडाशी निफाड तालुक्यातल्या एका गावात शिवारफेरीला निघालो होतो. पुढे ओळखीच्या शेतकऱ्याची पिकअप चाललेली. गावात सगळे त्यांना नाना म्हणतात, मीही म्हणतो. नानांची गाडी २००९ सालची. लासलगावला कांदा नेणं, शेडवर द्राक्षाचे क्रेट पोचवणं, सोसायटीतून खताच्या गोण्या आणणं, सगळं ती एकटी ओढते. मी मोटारसायकलवर तिच्या डाव्या अंगानं पुढं जायला बघत होतो आणि नेमकी तेव्हाच नानांनी गाडी मळ्याच्या वाटेला डावीकडं वळवली. मी गाडीसकट चारीत.

हाड मोडलं नाही, पण गुडघा सुजला आणि आठ दिवस लंगडत होतो. नाना खाली उतरले ते घाबरेघुबरे होऊनच. "साहेब, तुम्ही दिसलाच नाहीत हो!" त्यांचं खरं होतं. डाव्या दाराला आरशाची नुसती दांडी शिल्लक होती. मागच्या हंगामात उसाची ट्रॉली घासून गेली तेव्हा आरसा गेला, तो पुन्हा बसवलाच नाही. डावीकडून पुढं घुसायची घाई माझीही होती, ते इथं कबूल करतो.

शेतकरी बंधूंनो, आपल्या गावातल्या पिकअप, छोटे टेम्पो एकदा मोजून पाहा. डावा आरसा नसलेल्या किंवा तडकलेल्या किती निघतील? आपल्याकडं चालवणारा उजवीकडं बसतो, म्हणजे डावी बाजू मुळातच त्याच्यापासून लांब. त्यात हौद्यात क्रेटची थप्पी आणि वर ताडपत्री असली, की आतला आरसा फक्त ताडपत्रीच दाखवतो. मागं काय चाललंय ते कळायला बाहेरचे दोन आरसे एवढाच आधार राहतो. त्यातला एक नसेल तर अर्धी गाडी आंधळी.

नानांनी त्याच आठवड्यात आरसे बदलायचं ठरवलं. मोठ्या मुलाचं म्हणणं, आता बदलतोच आहोत तर नव्या पिकअपला येतात तसले मोठे, दुमडणारे आरसे लावू. जुना आरसा तळहाताएवढा, सपाट काचेचा, लांब दांडीवरचा. इंजिन चालू झालं की दांडी थरथरते आणि मागची मोटारसायकल एक आहे की दोन, तेही कळत नाही. नव्या आरशाची काच मोठी आणि किंचित फुगीर असते. फुगीर काचेत जास्त रुंदीचा रस्ता मावतो, पण त्यात प्रत्येक वस्तू लहान दिसते, म्हणून ती आहे त्यापेक्षा लांब वाटते. नवीन आरसा लावल्यावर पहिले आठ दिवस माणूस फसतो तो इथंच.

माझं मत विचाराल तर ज्यांच्या दाराला जुनी दांडी शाबूत आहे, त्यांनी त्याच दांडीवर बसणारा जरा मोठा, फुगीर काचेचा आरसा घ्यावा. भोक पाडायचं काम नाही, खर्चही कमी. पण नानांची दांडी वाकलेली, बुडाचा पत्रा गंजलेला. तेव्हा तालुक्याच्या गावी मिस्तरीकडं एक अख्खी सकाळ आम्ही घालवली. तिथं जे पाहिलं ते सांगतो.

पहिली गोष्ट, आरसा घेताना जोडी एकाच प्रकारची घ्यावी. एका बाजूला सपाट आणि दुसऱ्या बाजूला फुगीर असेल, तर मागून येणारी तीच गाडी एकीकडं मोठी, दुसरीकडं लहान दिसते आणि चालवणाऱ्याचा अंदाज चुकतो. दुसरं, हातानं फिरवायचा आरसाच घ्या. भंगार बाजारात मोटारवाला आरसा स्वस्तात मिळतो, पण त्याला वायर न जोडता काच बोटानं दाबून फिरवली की आतले दाते तुटतात, मग काच खुळखुळत राहते. नानांच्या मुलाला इंडिकेटरवाला आरसा हवा होता. मिस्तरीनं त्याला परत पाठवलं, ते बरंच केलं.

खरी अडचण पुढं आली. नव्या आरशाचा बूड नव्या दाराच्या कोपऱ्यासाठी घडवलेला असतो. जुन्या दाराच्या पत्र्यावर ठेवला तर एक बाजू टेकते, दुसरी अधांतरी. तसाच आवळला तर पत्रा ओढला जातो, आणि दार धाडकन लावायची आपली सवय तर सुटत नाही. थोड्याच दिवसांत भोकापासून पत्रा चिरतो. मिस्तरीनं आधी पुठ्ठ्यावर बुडाच्या भोकांचा साचा काढला आणि तो दाराला चिकटवून नानांना सीटवर बसवलं. आरसा इथं आला तर दिसेल का, हे भोक पाडायच्या आधीच बघितलं. मग तीन मिलिमीटरची लोखंडी पट्टी दाराच्या वळणाप्रमाणं वाकवून बाहेरून ठेवली, आतूनही एक पट्टी दिली, आणि पत्रा व पट्टी यांच्यामध्ये जुन्या ट्यूबच्या रबराचं पॅकिंग. दांडीची दोन भोकं कामी आली, एकच नवीन पाडावं लागलं.

भोक पाडण्याआधी दाराचं आतलं कव्हर काढायलाच हवं. काच वर-खाली करून ती कुठून जाते ते नीट बघा. ड्रिल दोन बोटं जास्त आत गेलं तर काच तरी जाते नाहीतर काच चढवायचं यंत्र तरी. नवा बोल्टही लांब असून चालत नाही, काच उतरताना त्याला घासते. भोकाच्या कडेला प्रायमर लावायला विसरू नका. कारखान्याचा रंग तिथं निघालेला असतो, एका पावसाळ्यात गंज धरतो. नटाखाली स्प्रिंगचा वायसर हवाच, आणि आठवडाभर गाडी चालल्यावर पान्यानं पुन्हा एकदा आवळा. नानांचे दोन बोल्ट खरोखरच सैल झाले होते.

आरसा दुमडणाराच का घ्यायचा, ते मळ्याच्या वाटेनं जाणाऱ्याला सांगायला नको. दोन्ही बाजूंनी ऊस असला की जुन्या दांडीचा आरसा पहिला मार खातो. दुमडणारा आरसा धक्का बसला की मागं वळतो, पुन्हा हातानं सरळ करता येतो.

आता आरसा लावायचा कसा, यावर दोन शब्द. आधी सीट जागेवर आणून नेहमीसारखं बसा. डाव्या आरशाला दुसरा माणूस लागतो, एकट्यानं होत नाही. आतल्या कडेला आपल्या हौद्याची कड जेमतेम दिसावी, बाकी सगळा रस्ता. मग मागं डाव्या अंगाला दहा पावलांवर मोटारसायकल उभी करा, आरशात बघा, लगेच मान वळवून बघा. आरशातलं 'लांब' म्हणजे प्रत्यक्षात किती जवळ, हे डोळ्याला एकदाच पण चांगलं कळतं. आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. माल भरला की मागचा भाग बसतो, गाडीचं नाक वर जातं आणि आरशात मागच्या गाड्यांऐवजी डांबरच दिसायला लागतं. म्हणून भरल्या गाडीत काच थोडी वर करून घ्यावी. नाना बुटके, मुलगा उंच. दोघांत गाडी बदलली की आरसा बदलायचा, असा नियमच त्यांच्या घरात झाला आहे. ताडपत्रीचं टोक किंवा गोणी हौद्याबाहेर लोंबत असेल, तर कितीही महाग आरसा लावा, तो त्या गोणीकडंच बघतो.

पासिंगचं काय, असं काहींनी विचारलं. आरसा बदलल्यानं आरसी पुस्तकातली नोंद बदलत नाही. उलट आठ वर्षांपुढच्या मालगाडीला दरवर्षी पासिंगला जावंच लागतं, आणि तिथं तुटका आरसा दिसला की गाडी परत पाठवतात. कांद्याच्या ऐन हंगामात तो खाडा परवडत नाही.

काम संपल्यावर नाना माझ्या मोटारसायकलकडं बघत उभे राहिले. "साहेब, तुमचा डावा आरसा कुठंय?" पार्किंगमध्ये अडतो म्हणून मी तो दोन वर्षांपूर्वी काढून घरात ठेवला होता. मिस्तरीनं तिथंच दुसरा बसवला, पैसे नानांनी देऊ केले, मी घेतले नाहीत.

जाता जाता सरपंच आणि भाऊसाहेबांना एक विनंती. तुमच्या गावची घंटागाडी एकदा उभी करून तिचे दोन्ही आरसे बघा. ती रोज सकाळी अरुंद गल्लीत रिव्हर्स येते, आणि मागं शाळेला निघालेली पोरं असतात. माझ्या भागातल्या एका गावात डाव्या आरशाच्या जागी तारेनं बांधलेली काच होती, तीही फुटकी. दोन आरशांचा खर्च किरकोळ दुरुस्तीत बसतो. येत्या मासिक सभेत तो विषय घ्यावा.