ग्रंथालयाचा तास

तुमच्या शाळेत पुस्तकांचे कपाट कोठे आहे? मुख्याध्यापकांच्या खोलीत, की जिन्याखाली? त्याची किल्ली कोणाकडे असते? आणि ते शेवटचे कधी उघडले होते? या प्रश्नांची उत्तरे शोधलीत, तर आपल्या शाळेला ग्रंथालय आहे की नुसते कपाट आहे, हे तुमचे तुम्हांलाच कळेल.

मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आला. प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे, त्यात वर्तमानपत्रे, मासिके आणि सर्व विषयांची पुस्तके असावीत, गोष्टींची पुस्तकेही असावीत, असे त्या कायद्याला जोडलेल्या अनुसूचीत सांगितले आहे. कायद्यासारख्या रुक्ष लिखाणात गोष्टींच्या पुस्तकांची आठवण ठेवली गेली, याचे मला कौतुक वाटते. परंतु कायदा फार तर पुस्तके कपाटापर्यंत आणतो. कपाटातून ती लहान मुलांच्या हातांत जायची असतील, तर आठवड्यातून एक तास त्यासाठी राखून ठेवावा लागतो.

हा तास कसा चालतो, हे पाहण्यासाठी डोंबिवलीतील एखादी प्राथमिक शाळा डोळ्यांसमोर आणा. डोंबिवली हे लोकलने मुंबईला नोकरीसाठी जाणाऱ्या माणसांचे शहर. अनेक घरांतील आईवडील सकाळी लवकर बाहेर पडतात, ते दिवेलागणीनंतर थकून परततात. मुलाला शेजारी बसवून गोष्ट वाचून दाखवायला त्यांना वेळ कोठून मिळणार? अशा मुलाला गोष्ट ऐकवणारे पहिले माणूस बहुधा शाळेतच भेटते.

तसे पाहिले तर या भागात पुस्तकांची कमतरता नाही. शेजारच्या कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ साली सुरू झाले. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मधले. खुद्द डोंबिवलीत पु. भा. भावे आणि शं. ना. नवरे यांच्यासारखे लेखक राहत होते. १९८६ मध्ये तेथे पै फ्रेंड्स लायब्ररी सुरू झाली, आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये नव्वदावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही याच शहरात भरले. पण दुसरीतल्या मुलाला या सगळ्याचा काय उपयोग? त्याला त्याच्या उंचीची फळी हवी, आणि तिच्यावर त्याला वाचता येईल असे पातळ पुस्तक हवे.

आता तास सुरू होतो. सतरंजी अंथरली जाते. पुस्तके कपाटात उभी न ठेवता, चित्रे दिसतील अशी पसरून ठेवली जातात, किंवा खोलीत दोरी बांधून तिच्यावर कपड्यांसारखी वाळत घातली जातात! लहान मूल पुस्तकाची निवड नाव वाचून करत नाही, मुखपृष्ठावरचे चित्र पाहून करते. नुसता कणा दाखवणाऱ्या पुस्तकाकडे ते वळतही नाही.

निवडलेले पुस्तक आपल्याला झेपेल का, हे पाहण्याची एक सोपी युक्ती आहे. मधलेच एक पान उघडायचे आणि वाचायला लागायचे. अडलेल्या प्रत्येक शब्दाला हाताचे एक बोट मिटायचे. पान संपण्याआधीच मूठ बंद झाली, तर ते पुस्तक सध्या बाजूला ठेवायचे. तुम्ही मराठी ही दुसरी भाषा म्हणून शिकता, तेव्हा तुमची मूठ थोडी लवकर मिटेल. चित्रे चांगली असतील आणि गोष्ट सोडवत नसेल, तर मूठ बंद झाली तरी खुशाल पुढे वाचा, असे माझे मत आहे.

या तासातला सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे प्रकट वाचन. प्रकट वाचन म्हणजे सर्वांना ऐकू जाईल असे मोठ्याने वाचणे. बाई किंवा सर मुलांसमोर बसून गोष्ट वाचतात आणि पान उलटण्याआधी चित्र सगळ्यांना दाखवतात. हे काम दिसते तितके सोपे नाही. डॉ. झाकिर हुसेन यांची ‘अब्बू खाँ की बकरी’ तुमच्यापैकी अनेकांनी उर्दूत वाचली असेल. भारताचे राष्ट्रपती होण्याच्या कितीतरी आधी त्यांनी ही गोष्ट मुलांसाठी लिहिली. चांदणी नावाची बकरी दोरी नको म्हणून डोंगरावर पळून जाते. तेथे लांडगा येतो. चांदणी रात्रभर त्याच्याशी झुंजते आणि पहाटे मरून पडते.

ही गोष्ट वाचून झाल्यावर मुलांना काय विचारावे? “बकरीचे नाव काय?” असे विचारले, तर एकच उत्तर येते आणि बोलणे संपते. “डोंगरावर लांडगा आहे, हे ठाऊक असून चांदणी परत का आली नाही?” असे विचारा. मग वर्गात दोन तट पडतात. कोणी म्हणते, ती वेडी होती. कोणी म्हणते, तिला बांधून घ्यायचे नव्हते. या गोष्टीच्या शेवटी झाडावरच्या पाखरांतही हाच वाद होतो. बहुतेक पाखरे म्हणतात, लांडगा जिंकला. एक म्हातारे पाखरू मात्र म्हणते, चांदणी जिंकली. वाचनाच्या तासाला असे भांडण झाले, तर तो तास चांगला गेला असे समजावे.

वाचनानंतर उपक्रम असतो. एखाद्या आठवड्यात मुले गोष्टीचा शेवट बदलून सांगतात. एखाद्या आठवड्यात अब्बू खाँ आणि चांदणी यांचे संवाद म्हणून दाखवतात. कधी प्रत्येक मूल एका पानावर चित्र काढून खाली दोन ओळी लिहिते आणि ती पाने शिवून वर्गाचे हस्तलिखित तयार होते. असे हस्तलिखितही फळीवर ठेवावे, त्यालाही क्रमांक द्यावा. आपल्या हातचे पुस्तक दुसऱ्या कोणी घरी नेले, हे पाहून मुलाला काय वाटते, ते तुम्ही एकदा करूनच पाहा. मात्र प्रत्येक पुस्तकानंतर ‘या पुस्तकातून काय बोध मिळाला ते लिहा’ असा गृहपाठ दिला, की मुले पुस्तक न्यायचेच टाळतात. उपक्रम दर वेळी हवाच असे नाही.

तुमच्या शाळेत हा तास थोडा वेगळा होईल. उर्दू पुस्तक उजवीकडून उघडते, मराठी डावीकडून. उर्दू शाळेतले लहान मूल मराठी पुस्तक हातात घेते, ते अनेकदा मागल्या पानापासून. त्याला हसू नका. दोन्ही बाजूंनी पुस्तक उघडता येणारी मुले फार थोडी असतात! नॅशनल बुक ट्रस्टने मुलांची कित्येक पुस्तके अनेक भारतीय भाषांत छापली आहेत. प्रथम बुक्स या संस्थेच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर २०१५ पासून मुलांच्या गोष्टी विनामूल्य वाचता येतात. त्यांत मराठी आहेत आणि उर्दूही. एकच गोष्ट, तीच चित्रे, पण दोन लिप्या. आधी उर्दूत वाचा, मग मराठी पुस्तक उघडा. गोष्ट ठाऊक असल्यामुळे अडलेला शब्द बहुधा आपोआप उलगडतो.

असे वाचताना तुम्हांला जुने ओळखीचे शब्द भेटतील. कागद, शाई, तारीख, हजेरी हे शब्द मराठीत फारसी-अरबीतूनच आले आहेत. काही शब्द मात्र फसवतात. तुमचा ‘क़ायदा’ म्हणजे अक्षरे शिकवणारे पहिले पुस्तक. मराठीत कायदा म्हणजे सरकारने केलेला नियम. उर्दूत दफ़्तर म्हणजे कचेरी. मराठी मुलगा दप्तर पाठीवर घेऊन शाळेत जातो. उर्दूत ‘शिकस्त’ म्हणजे हार, आणि मराठीत शिकस्त करणे म्हणजे होते नव्हते तेवढे सगळे प्रयत्न करणे. अशा शब्दांची एक वही ग्रंथालयात टांगून ठेवा. ती लवकर भरेल.

आता पुन्हा कुलपाकडे येऊ. कपाटाला कुलूप का लावतात? पुस्तके हरवतील, फाटतील, आणि भरपाई आपल्याकडून होईल, अशी भीती शिक्षकांना वाटते. ही भीती खोटी नाही. युरोपात एके काळी ग्रंथ साखळीने फळीला बांधून ठेवत. आपल्या देशात ग्रंथालयशास्त्राचा पाया घालणारे डॉ. शि. रा. रंगनाथन हे आधी गणिताचे प्राध्यापक होते. १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयाची पाच सूत्रे प्रसिद्ध केली. त्यांतले पहिले सूत्र असे, की ग्रंथ हे उपयोगासाठी आहेत. इतकी उघड गोष्ट सूत्र म्हणून का सांगावी लागली, हे साखळ्या आणि कुलपे पाहिली म्हणजे समजते.

आपणही थोडे गणित करू. समजा, एका वर्गात ४० मुले आहेत आणि पेटीत ४० पातळ पुस्तके आहेत. दर आठवड्याला प्रत्येक मूल एक पुस्तक घरी नेते आणि पुढच्या आठवड्याला बदलते. सुट्ट्या आणि परीक्षा सोडून असे ३० आठवडे धरले, तर ती ४० पुस्तके वर्षात १,२०० वेळा वाचली जातात. त्यांतली तीन हरवली आणि पाच फाटली, असेही धरा. कुलपात ठेवली असती, तर चाळीसच्या चाळीस शाबूत राहिली असती आणि एकदाही वाचली गेली नसती. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा ‘ग्रंथ तुमच्या दारी’ हा उपक्रम २००९ मध्ये सुरू झाला, तोही असाच पेटीवर चालतो. शंभर पुस्तकांची पेटी वाचकांच्या एका गटाकडे ठेवायची आणि काही महिन्यांनी ती दुसऱ्या गटाच्या पेटीशी बदलायची.

देवघेवीची नोंद मोठ्या मुलांनी ठेवावी. हे काम तुमचे आहे. एका वहीत तारीख, मुलाचे नाव आणि पुस्तकाचा दाखल क्रमांक, एवढे पुरे. लहान मुले तुम्हांला दादा म्हणतील, आपा म्हणतील, आणि एकच पुस्तक तिसऱ्यांदा मागतील. द्या. तीच गोष्ट पुन्हा पुन्हा वाचूनच त्यांची अक्षरे पक्की होतात.

पावसाळ्यात काम वाढते. आपल्या बाजूच्या दमट हवेत पुस्तकांना बुरशी लागते, पानांत कसर शिरते. कपाट भिंतीला चिकटवून ठेवू नये. पाऊस उघडला, की पुस्तके वाऱ्यावर उघडी करून ठेवावीत. एखादा शनिवार पुस्तकांच्या दवाखान्याचा ठेवा. निघालेली पाने सुईदोऱ्याने शिवा. फाटलेल्या पानाला पातळ कागदाची पट्टी मैद्याच्या खळीने चिकटवा आणि वर वजन ठेवून रात्रभर वाळू द्या. सेलोटेप मात्र लावू नका. काही वर्षांत ती पिवळी पडते आणि निघताना खालची अक्षरेही घेऊन निघते.