पुन्हा येणारा विद्यार्थी

आरोग्य शिबिर हा आपल्या व्यापारी समाजाच्या जिव्हाळ्याचा विषय आहे. वडिलांचे पुण्यस्मरण असो वा पेढीचा वर्धापनदिन, मंडप उभा राहतो, रक्तदाब आणि साखर तपासली जाते, दुपारी आभारप्रदर्शन होते. देणाऱ्याच्या भावनेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो दुसऱ्या दिवसाचा. रक्तदाब एकदा १४०/९० आढळला, एवढ्यावरून विकार ठरत नाही. तो वेगळ्या दिवशी पुन्हा मोजावा लागतो. पुन्हा मोजणारे कोणी नसेल, तर शिबिराची चिठ्ठी गल्ल्याच्या खणात पडून राहते.

हे पुन्हा जाणे विद्यार्थ्यांकडून कसे घडवावे, याचा वस्तुपाठ वर्ध्याजवळच्या सेवाग्रामने घालून दिला आहे. डॉ. सुशीला नय्यर यांनी १९६९ मध्ये, गांधीजन्मशताब्दीच्या वर्षी, तेथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू केली. तेथील विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते. पहिल्याच वर्षी विद्यार्थी सुमारे पंधरा दिवस त्या गावात मुक्काम करतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला काही कुटुंबे येतात. मुक्काम संपला तरी त्या घरांकडे जाणे संपत नाही. एकोणीस वर्षांच्या त्या मुलाला किंवा मुलीला औषध लिहून देण्याचा अधिकार नसतो. देण्यासारखे फारसे हाती नसल्यामुळेच ती मुले चुलीजवळ बसून ऐकायला शिकतात. मोठ्या रुग्णालयातील घाईत ही विद्या क्वचितच मिळते.

त्याच १९६९ मध्ये, २४ सप्टेंबर रोजी, ३७ विद्यापीठांत सुमारे ४०,००० विद्यार्थ्यांसह राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. तिच्यात दोन वर्षांत २४० तास सेवा अपेक्षित असते. तास भरतात, छायाचित्रेही निघतात. पण दर वेळी नवे घर आणि नवा चेहरा असेल तर गावाच्या हाती काय उरते, हे विचारायला हवे. वैद्यकीय शिक्षणात आता याची दखल घेतली गेली आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२१-२२ च्या तुकडीपासून कुटुंब दत्तक कार्यक्रम अभ्यासक्रमात आणला असून प्रत्येक विद्यार्थ्याने किमान तीन कुटुंबांशी आपल्या शिक्षणकाळात संबंध ठेवावा, अशी अपेक्षा आहे.

आता घणसोली गावाकडे वळू. मूळचे हे आगरी-कोळ्यांचे गाव, भातशेती आणि खाडीवर जगणारे. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, नव्या शहरासाठी जमिनी गेल्या आणि अंगमेहनतीची जागा हळूहळू भाड्याच्या खोल्यांनी, नोकऱ्यांनी आणि दुकानांनी घेतली. गावठाणात दुकान थाटलेल्या आपल्या कुटुंबांचे जीवन तर बैठेच. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सुचवते. दिवसभर काउंटरमागे उभे राहणे त्यात धरता येत नाही, हे आपल्या अनेक बंधूंना पटवणे कठीण जाते!

नेरुळ आणि कामोठे येथे वैद्यकीय व फिजिओथेरपी महाविद्यालये आहेत. नेरुळहून ठाण्याची लोकल घणसोलीला थांबते. गावासाठी महापालिकेचे नागरी प्राथमिक आरोग्य केंद्रही आहे. म्हणजे जुळवाजुळव करण्यासारखे बरेच काही हाताशी आहे.

समजा, फिजिओथेरपीची एक विद्यार्थिनी आजींकडे आली. खुर्चीवरून हातांचा आधार न घेता तीस सेकंदांत किती वेळा उठता येते, हे तिने मोजून वहीत लिहिले. काही व्यायाम शिकवले आणि तीन महिन्यांनी पुन्हा मोजले. या चाचणीला घड्याळ आणि खुर्ची यांपलीकडे काही लागत नाही. लागते ती तीन महिन्यांनी परत येणारी व्यक्ती. एकदाच येणारी व्यक्ती “जमिनीवर बसू नका” एवढे सांगून जाते. परत येणारीला कळते, की आजी ४८ मिनिटांचे सामायिक सोडणार नाहीत. मग ते खुर्चीवर बसून करण्याविषयी बोलता येते.

उपवासांचेही तसेच. मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन उपवासात रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरवू शकतात. घरात चौविहार पाळला जातो का, पर्युषणात कोण किती उपवास करणार, हे शिबिरातील रांगेत कोणी विचारत नाही. ओळखीच्या विद्यार्थ्याला ते आधीच ठाऊक असते आणि तो वेळेवर सांगू शकतो, “आजोबा, उपवास धरण्यापूर्वी डॉक्टरांना भेटून या.” मात्रा बदलणे हे त्याचे काम नव्हे. सोबत अध्यापक असणे, घरच्यांची संमती घेणे आणि वहीतील नोंदी चार लोकांत न बोलणे, या अटी आधीच ठरल्या पाहिजेत. गावात दुकानदाराच्या साखरेची बातमी पसरायला वेळ लागत नाही.

मंडपावर होणाऱ्या खर्चातून दाते बरेच काही उभे करू शकतील. महिन्यातून एका रविवारी दुकान उघडण्यापूर्वीचे दोन तास आणि माळ्यावरची खोली, एक चांगले रक्तदाबमापक, विद्यार्थ्यांचा प्रवासखर्च, कुलपात राहणारी वही. अडचण येईल ती परीक्षांच्या महिन्यांत. विद्यार्थी तेव्हा येणार नाहीत आणि त्यांनी येऊही नये. त्या काळात वहीतल्या घरांना आरोग्य केंद्राची वेळ आणि वार आठवण करून देण्याचे काम आपल्याच घरातील कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींकडे सोपवता येईल.