सार्वजनिक साधन आणि यंत्राची सोय

भंडारा जिल्ह्यांतील ज्या खेड्यांत मीं शिक्षकाचा पेशा केला, तेथील शाळेला कांहीं वर्षांपूर्वीं जुने संगणक देणगीदाखल मिळाले. एके दिवशीं गणिताचा एक नवा प्रोग्राम त्यांवर चढविला. तो सुरू होतांच बंद पडला आणि पडद्यावर 'अवैध आज्ञा' अशा अर्थाचे इंग्रजी शब्द उमटले. मुलें हिरमुसलीं. माझा एक माजी विद्यार्थी सुट्टींत गांवीं आला होता. तो म्हणाला, "गुरुजी, यंत्र बिघडलेलें नाहीं. हा प्रोग्राम नव्या प्रोसेसरलाच कळणाऱ्या आज्ञा देतो. जुन्याला त्या ठाऊकच नाहींत." एखाद्या यंत्राच्या विशेष गुणाचा लाभ सर्वांच्या साधनानें केव्हां घ्यावा, हा प्रश्न तेव्हांपासून माझ्या मनांत घोळत आहे. आज तोच 'सी' भाषेच्या प्रमाण लायब्ररीला लावून पाहूं.

'सी' भाषा डेनिस रिची यांनीं १९७२ च्या सुमारास अमेरिकेंतील बेल लॅबोरेटरींत घडविली आणि १९८९ मध्यें अमेरिकेंत तिचें प्रमाणरूप ठरलें. तिची लायब्ररी म्हणजे मजकुराची लांबी मोजणें, तो एका जागेहून दुसऱ्या जागीं उतरविणें, अशीं नित्याचीं कामें करणाऱ्या तयार फंक्शनांचा संच. असंख्य प्रोग्राम त्यावर विसंबून असतात. म्हणून तेथें वांचविलेला क्षण सर्वांना लाभतो आणि तेथें झालेली चूकहि सर्वांना भोंवते.

लांबी मोजणारें 'स्ट्रलेन' हें फंक्शन घ्या. 'भंडारा' हा शब्द यूटीएफ-८ पद्धतींत १८ बाईटांचा होतो आणि त्याच्या शेवटीं शून्य असतें. साधें फंक्शन एकेक बाईट पाहत १९ व्या ठिकाणीं तें शून्य गांठतें. इंटेलच्या अनेक प्रोसेसरांत १६ किंवा ३२ बाईट एका दमांत तपासण्याच्या आज्ञा आहेत. मजकूर लांबलचक असेल तर त्यांचा लाभ मोठा. परंतु शब्द लहान असेल तर पूर्वतयारींतच बराचसा लाभ खर्ची पडतो. शिवाय ३२ बाईट एकदम वाचतांना शब्दाचा शेवट ओलांडला जातो. स्मृतीचीं पृष्ठें बहुधा ४०९६ बाईटांचीं असतात. पुढील पृष्ठ प्रोग्रामच्या मालकीचें नसेल तर तो तत्क्षणीं कोसळतो. म्हणून असें फंक्शन पृष्ठाची सीमा सांभाळूनच लिहावें लागतें.

दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. 'मेमकॉपी' या फंक्शनाचा नियम असा कीं, मूळ जागा आणि नवी जागा एकमेकींवर येतां कामा नयेत. तसें होणार असेल तर 'मेममूव्ह' वापरावें. कित्येकांनीं हा नियम पाळला नाहीं, तरी त्यांचें निभावलें. २०१० मध्यें ग्नूच्या 'सी' लायब्ररींत कांहीं इंटेल प्रोसेसरांसाठीं वेगवान 'मेमकॉपी' आलें आणि तें मजकूर शेवटाकडूनहि उतरवूं लागलें. त्याबरोबर फेडोरा १४ या प्रणालींत फ्लॅशच्या चित्रफितींचा आवाज विस्कटला. नियम लायब्ररीच्या बाजूचा होता, पण त्रास झाला तो ऐकणाऱ्याला. अखेर २०११ मध्यें जुन्या प्रोग्रामांसाठीं सुरक्षित वाट राखून ठेवण्यांत आली.

तिसरा प्रश्न आयुष्याचा. पुण्यांत १९८८ मध्यें स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेचे महासंगणक पाहा. १९९१ च्या 'परम ८०००' मध्यें ट्रान्सप्युटर, १९९८ च्या 'परम १००००' मध्यें अल्ट्रास्पार्क, त्यापुढील 'परम पद्म' मध्यें आयबीएमचा पॉवर-४ आणि २००८ च्या 'परम युवा' मध्यें इंटेलचा झिऑन! वीस वर्षांच्या आंत प्रोसेसरांचीं चार घराणीं झालीं. एका घराण्याच्या असेंब्ली भाषेंत लिहिलेलें काम दुसऱ्याला निरुपयोगी. साध्या 'सी' मध्यें लिहिलेलें मात्र बहुतांशीं नव्यानें कंपाइल केलें कीं चालतें.

मग विशेष आज्ञा वापरूंच नयेत काय? अवश्य वापराव्या, पण चार अटी पाळून. पहिली, तें फंक्शन खरोखर अहोरात्र राबणारें असावें. दुसरी, लाभ खऱ्या कामांत आणि लहानमोठ्या मजकुरांवर मोजून पाहावा. फुशारकीच्या एका आंकड्यावर भुलूं नये. तिसरी, साधी आवृत्ति शेजारीं जिवंत ठेवून दोहोंचीं उत्तरें एकच येतात हें वारंवार ताडून पाहावें. चौथी, उद्यां ती आवृत्ति सांभाळणारा कोणी असावा. लिहिणारा निघून गेला कीं अशी करामत अडगळ होते. कंपायलर तोच वेग स्वतःहून देत असेल, तर हातानें लिहिण्याचा खटाटोप व्यर्थ.

ग्नूच्या लायब्ररीनें यावर तोड काढली आहे. प्रोग्राम चालू होतांना ती प्रोसेसरला काय काय येतें हें पाहते आणि त्याला मानवेल ती आवृत्ति निवडते. नव्याला वेग मिळतो, जुन्याचें काम अडत नाहीं. आमच्याकडे धान कांडावयास गिरणी आली, पण वीज गेली कीं घरचें उखळच उपयोगीं पडतें. साध्या आवृत्तीचें मोल तेंच.

आमच्या शाळेची कथा सांगून पुरी करतों. त्या विद्यार्थ्यानें प्रोग्राम साध्या आज्ञांनीं पुन्हां कंपाइल केला. तो मंद चालला, पण चालला आणि मुलांचीं गणितें सुटलीं. वेग हा गुण खराच; परंतु ज्याच्या हातीं जुनें यंत्र आहे त्याला दाराबाहेर ठेवून मिळविलेला वेग सार्वजनिक साधनाला शोभत नाहीं.