रोटरी, लायन्स आणि आपली मुलं : समजुती आणि वस्तुस्थिती

जुलै उजाडला की तालुक्याच्या गावांत पदग्रहण समारंभांचे फ्लेक्स लागतात. रोटरीचं चाक किंवा लायन्सचा सिंह, नवे अध्यक्ष, नवे सचिव, प्रमुख पाहुणे म्हणून प्रांतपाल. पुढच्या पंधरवड्यात एखाद्या शाळेत वह्यावाटप होतं आणि दुसऱ्या दिवशी स्थानिक पेपरात फोटो येतो. गावातल्या बहुतेकांची या सेवा क्लबांशी ओळख इथेच थांबते आणि त्यावरून मतं मात्र पक्की होऊन बसतात. शाळांच्या निमित्ताने हे काम मी जवळून पाहत आलो आहे. यातल्या काही समजुती मुलांचं नुकसान करतात, म्हणून त्यांच्याबद्दल स्पष्ट लिहायला हवं.

गैरसमज : मुलांसाठी काम म्हणजे वह्या, दप्तरं आणि सायकली वाटणं.

वाटप हा या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे. रोटरीने मुलांसाठी जी खरी गोष्ट उभी केली ती वेगळीच आहे, आणि आपल्याकडच्या अनेक पालकांना तिचं नावही ठाऊक नसतं. ती म्हणजे इंटरॅक्ट. पहिला इंटरॅक्ट क्लब 5 नोव्हेंबर 1962 रोजी अमेरिकेत फ्लोरिडातल्या मेलबर्न इथल्या शाळेत सुरू झाला. त्या वर्षी रोटरीचे जागतिक अध्यक्ष होते कोलकात्याचे नितीश लाहिरी, त्या पदावर बसलेले पहिले भारतीय. 12 ते 18 वयाच्या मुलामुलींचा हा क्लब असतो. अध्यक्ष, सचिव, खजिनदार ही सगळी पदं मुलांचीच. गावातला रोटरी क्लब त्यांचा पालक क्लब म्हणून पाठीशी उभा राहतो. वर्षाला किमान दोन सेवाप्रकल्प करायचे आणि त्यातला एक दुसऱ्या देशांतल्या लोकांशी समजूत वाढवणारा असावा, अशी अपेक्षा असते.

लायन्सचे लिओ क्लब याहूनही जुने. 1957मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या एका शाळेत पहिला लिओ क्लब निघाला. 11 ते 13 वयाच्या मुलांसाठी लायन्सची शांतता चित्रस्पर्धा 1988पासून चालू आहे.

हे नीट चालतं तेव्हा काय घडतं, ते एका माध्यमिक शाळेत पाहिलं आहे. मधल्या सुट्टीनंतर इंटरॅक्टची सभा होती. नववीतली खजिनदार वही उघडून जमाखर्च वाचत होती. रद्दी विकून आलेले पैसे, झाडांच्या रोपांसाठी दिलेले, रिक्षाभाड्याचे. रिक्षाभाड्यापाशी एक मुलगा उठून म्हणाला, "याची पावती कुठंय?" ती गांगरली. मग म्हणाली की रिक्षावाल्याकाका पावती देत नाहीत. थोडी चर्चा झाली आणि असं ठरलं, की पावती मिळत नसेल तिथे खर्च करणाऱ्याने स्वतः व्हाउचर लिहायचं आणि आणखी एकाने त्यावर सही करायची. मागच्या बाकावर बसलेल्या बाई शेवटपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. माझ्या मते त्या दिवसातलं त्यांचं सगळ्यात मोठं काम तेच होतं. सार्वजनिक पैशाचा हिशोब मागता येतो आणि तो द्यावाही लागतो, हे त्या मुलांना चौदाव्या वर्षी समजलं.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. किती तरी शाळांत इंटरॅक्ट फक्त कागदावर असतो. मुलांना बॅज लावले जातात, शपथ होते, फोटो निघतो आणि दुसरी सभा कधी भरतच नाही. अशा क्लबाने मुलांना एकच गोष्ट शिकवलेली असते, की सार्वजनिक काम म्हणजे देखावा. त्यापेक्षा क्लब नसलेला बरा.

गैरसमज : वस्तू दिली की प्रश्न सुटला.

नेत्रतपासणी शिबिराचं उदाहरण घ्या. लायन्स आणि दृष्टी यांचं नातं जुनं आहे. 1925मध्ये हेलन केलर यांनी लायन्सच्या अधिवेशनात दृष्टिहीनांसाठी काम करण्याचं आवाहन केलं आणि तेव्हापासून ते या संस्थेचं मुख्य काम झालं. आपल्याकडेही शाळाशाळांत अशी शिबिरं होतात. सहा मीटरवर तक्ता लावतात, मूल एक डोळा झाकून अक्षरं वाचतं. फळ्यावरचं दिसत नाही म्हणून 'अभ्यासात कच्चा' ठरलेला मुलगा तिथे सापडतो. हे शिबिराचं मोठं यश आहे.

पण चष्मा तयार होऊन येईपर्यंत दिवस जातात. तो आणून देणार कोण? दिल्यावर मूल तो घालतं का? पोरं 'ढापण्या' म्हणून चिडवतात आणि चष्मा दप्तरात जातो, नाही तर खेळताना काडी तुटते आणि घरी दुरुस्तीला पैसे नसतात. वाढत्या वयात नंबर बदलतो, म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा तपासणी लागते. ज्या क्लबांनी शाळेतल्याच एका शिक्षकाला तक्ता वाचून घ्यायला शिकवलं, गावातल्या चष्मेवाल्याशी दुरुस्तीचं ठरवून घेतलं आणि महिन्याभराने वर्गात जाऊन किती मुलांच्या डोळ्यांवर चष्मा आहे ते मोजलं, त्यांच्या शिबिरातूनच मुलांना दिसायला लागलं.

सायकलींचंही तेच. वाडीवरून तीन-चार किलोमीटर चालत येणाऱ्या आठवीतल्या मुलीला सायकल मिळणं म्हणजे तिची शाळा वाचणं. मात्र ती सायकल तिच्या उंचीची हवी आणि पंक्चर काढायला कुठे जायचं हे तिला माहीत हवं.

फोटोबद्दल इथेच सांगतो. दप्तर घेणाऱ्या मुलाचा चेहरा आणि देणाऱ्यांची रांग असा फोटो छापला की त्या मुलाची गरिबी त्याच्याच वर्गासमोर जाहीर होते. वस्तू शाळेच्या ताब्यात द्यावी, मुख्याध्यापकांनी ती शांतपणे पोचवावी. फोटो हवाच असेल तर वाचनालयाचा काढा, प्रयोगशाळेचा काढा.

गैरसमज : हे श्रीमंत पुरुषांचं मंडळ आहे. हॉटेलात जेवतात आणि उरलेलं दान करतात.

यातला पहिला भाग एके काळी खरा होता. 1905मध्ये शिकागोत पॉल हॅरिस यांनी रोटरी सुरू केली ती व्यावसायिक पुरुषांची, आणि स्त्रियांना सदस्यत्व खुलं व्हायला 1989 साल उजाडलं. आज तालुक्याच्या क्लबात डॉक्टर असतात तसे खतांचे दुकानदार, मुख्याध्यापिका, वकील, बांधकाम कंत्राटदारही असतात. वर्गणी परवडणारीच ही मंडळी असतात, हे खरं आहे. बैठकीच्या जेवणाचा खर्च वर्गणीतून होतो आणि प्रकल्पाचा पैसा वेगळा ठेवायचा असतो. रोटरी फाउंडेशनची कल्पना आर्च क्लम्फ यांनी 1917मध्ये मांडली आणि तिथे आलेली पहिली देणगी होती साडेसव्वीस डॉलरची. आज त्याच निधीतून मोठ्या प्रकल्पांना ग्लोबल ग्रँट मिळते. त्यासाठी दोन देशांतले क्लब एकत्र यावे लागतात आणि प्रकल्प किमान 30 हजार डॉलरचा असावा लागतो. शाळेची स्वच्छतागृहं किंवा पाण्याची योजना या मार्गाने होऊ शकते, पण अर्जाआधी गावाची नेमकी गरज शोधून ती कागदावर मांडावी लागते. इथे शिक्षक आणि पालकांची मदत झाली तर काम वेगाने पुढे जातं.

गैरसमज : यूथ एक्स्चेंज ही पैसेवाल्यांच्या मुलांची परदेशवारी.

15 ते 19 वयाच्या मुलांसाठी रोटरीचा हा कार्यक्रम आहे आणि त्यासाठी आईवडील रोटरीत असण्याची अट नाही. एक शैक्षणिक वर्ष दुसऱ्या देशात राहायचं, तिथल्या शाळेत जायचं. राहण्या-जेवण्याची सोय यजमान कुटुंबं करतात, त्यामुळे स्वतःच्या खर्चाने परदेशी शिकायला जाण्यापेक्षा खर्च पुष्कळ कमी होतो. विमानाचं तिकीट आणि विमा यांचा भार मात्र घरच्यांवर असतो आणि तो सामान्य शेतकरी कुटुंबाला पेलणारा नाही. म्हणून या आक्षेपात तथ्य आहे. क्लबांनी दर वर्षी निदान एका गुणी, गरजू मुलीचा प्रवासखर्च उचलावा, असं मला मनापासून वाटतं. मुलाला परदेशी पाठवण्याइतकंच परदेशी मुलाला आपल्या घरात ठेवून घेणंही या कार्यक्रमात महत्त्वाचं आहे.

गैरसमज : कॉलेज संपलं, तिशी आली की रोटरॅक्टमधून बाहेर.

रोटरॅक्ट हा रोटरीचा तरुणांसाठीचा क्लब. त्याची 30 वर्षांची कमाल वयोमर्यादा 1 जुलै 2020पासून उठली. नोकरीला लागलेली मुलंही त्यात राहू शकतात. ही बातमी पुष्कळ कॉलेजांत अजून पोचलेली नाही.

'अध्यक्ष बदलला की काम संपतं'

हा गैरसमज नाही, हे बऱ्याच अंशी खरं आहे. रोटरीचं आणि लायन्सचं वर्ष 1 जुलै ते 30 जून. दर वर्षी नवा अध्यक्ष येतो, त्याला स्वतःचा प्रकल्प हवा असतो आणि गेल्या वर्षीची ई-लर्निंगची खोली कुलूपबंद होते. सेवा क्लबांचा सगळ्यात मोठा दोष हाच आहे, आणि तो मुलांना भोवतो. या संस्था दीर्घकाळ एका कामाला चिकटून राहू शकत नाहीत, असं मात्र नाही. पोलिओच्या मोहिमेला रोटरीने 1985मध्ये हात घातला. भारतातला शेवटचा रुग्ण जानेवारी 2011मध्ये हावडा जिल्ह्यात सापडला आणि मार्च 2014मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. एवढ्या वर्षांत किती तरी अध्यक्ष बदलले, काम बदललं नाही. जागतिक पातळीवर जमलं ते एका शाळेपुरतं नक्की जमेल. त्यासाठी प्रकल्पावर तीन वर्षांची समिती नेमावी आणि तिच्यात येणारे अध्यक्ष आधीपासून असावेत.

मुख्याध्यापकांना आणि पालकांना माझी विनंती आहे. जुलैत पाहुणे येण्याची वाट पाहू नका. क्लबांच्या पुढच्या वर्षाची आखणी एप्रिल-मेमध्ये होते, तेव्हाच होऊ घातलेल्या अध्यक्षांना भेटा. शाळेला काय हवं ते एका पानावर लिहून न्या. त्यांनी वह्या देऊ केल्या तर घ्या, आणि त्याच बैठकीत विचारा, "आमच्या शाळेत इंटरॅक्ट सुरू कराल का, आणि पहिल्या सहा सभांना तुमच्यापैकी कोण येऊन बसेल?"