मुठीत मावणारी मेणपाटी

धाकटा प्लिनी हा रोममधला नामांकित वकील आणि हौशी लेखक. एकदा तो रानडुकरांच्या शिकारीला गेला आणि जाळ्यापाशी दबा धरून बसला. त्याच्या हाताशी भाला नव्हता. होती एक लेखणी आणि मेण भरलेल्या लहान लाकडी पाट्या. जनावर येईपर्यंत तो विचार करत राहिला आणि सुचेल ते टिपत गेला. त्या दिवशी तीन डुकरं मिळाली. हा सगळा प्रकार त्याने इतिहासकार मित्र टॅसिटसला पत्रातून कळवला आणि वर सल्लाही दिला: रानातल्या शांततेत डोकं उत्तम चालतं, म्हणून शिकारीला जाताना शिदोरीसोबत पाट्याही घेऊन जा. हे पत्र सुमारे 1900 वर्षांपूर्वीचं आहे.

रोममध्ये शाई होती, बोरू होते, पपायरसही मुबलक होता. तरीही प्लिनीने मेण का नेलं असावं? झाडाखाली बसून शाईने लिहायचं तर काय काय लागतं, ते आठवून पाहा. दौत ठेवायला सपाट जागा हवी, बोरू पुन्हा पुन्हा बुडवायला मोकळा हात हवा आणि लिहिलेलं सुकेपर्यंत थांबायची सवड हवी. सुचलेली गोष्ट एवढा वेळ थांबत नाही. शाईने लिहिताना पानावर काहीतरी ओतावं लागतं, मेणावर मात्र आहे तेच टोकाने बाजूला सारायचं असतं. सांडायला काही नाही, सुकायला काही नाही. अक्षर पुरं झालं की त्याच क्षणी पाटी मिटता येते.

या पाटीची रचना पाहिली की मी थक्क होतो. लाकडी फळीचा मधला भाग थोडा कोरून खोलगट करायचा, कडेने काठ तसाच ठेवायचा आणि खोलगट भागात वितळलेलं मेण ओतायचं. अशा दोन फळ्या दोरीने किंवा बिजागरीने जोडून पुस्तकासारख्या मिटल्या की काठाला काठ टेकतो, पण आतलं मेण मेणाला लागत नाही. अक्षरं सुरक्षित राहतात. मेणात बहुधा काजळी मिसळत. काळ्या थरावर ओरखडा उमटला की त्याखालचं फिकं लाकूड डोकावतं आणि अक्षर उठून दिसतं.

आणि मेण तरी किती समजूतदार! मधमाशांचं मेण वितळतं साधारण 62 ते 64 अंश सेल्सिअसला. त्याच्या बरंच खाली ते घट्ट असतं, पण हट्टी नसतं. टोकाच्या दाबाने बाजूला सरतं आणि दाब गेल्यावर रबरासारखं परत फिरत नाही, जिथे सारलं तिथेच राहतं. वळणदार अक्षरांपेक्षा सरळ रेघा त्यावर सोप्या जातात. रोमनांच्या जुन्या धावत्या लिपीत ई हे अक्षर अनेकदा दोन उभ्या रेघांनीच भागवलेलं दिसतं.

लेखणी बहुधा लोखंडाची, एका टोकाला अणकुचीदार, दुसऱ्या टोकाला चपटी. ती किती सहज हाताशी असे याचा पुरावा भयंकर आहे. इसवी सन पूर्व 44 मध्ये सीझरवर मारेकरी तुटून पडले तेव्हा त्याने त्यांच्यातल्या कास्काच्या दंडात लेखणी खुपसली, असं रोमन चरित्रकार सुएटोनियस लिहितो.

मेणपाटीची युक्ती मुळात रोमनांची नव्हे. तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्याजवळ उलुबुरून इथे समुद्रतळाशी एक व्यापारी जहाज सापडलं, इसवी सन पूर्व 14व्या शतकाच्या अखेरीचं. त्यातल्या डाळिंबांच्या रांजणात तळहाताएवढी, हस्तिदंती बिजागरीची, मिटणारी लाकडी पाटी होती. मेण केव्हाच नाहीसं झालं होतं, पण ते धरून राहावं म्हणून लाकडावर मारलेले आडवेतिडवे चरे शाबूत होते. इराकमधल्या निमरूदच्या राजवाड्यातल्या विहिरीत 1953 मध्ये पुरातत्त्वज्ञ मॅक्स मॅलोवन यांना हस्तिदंती पाट्यांचा संच मिळाला, तो इसवी सन पूर्व आठव्या शतकातला. त्या आकाराने मोठ्या, राजाच्या दिमाखाला साजेशा. त्यांच्या मेणात सुमारे पाव हिस्सा हरताळ निघाला. आपल्याकडचे लेखनिक पोथीतली चूक झाकायला फासत तोच पिवळा हरताळ.

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते लेखणीचं चपटं टोक. मेणावरून ते फिरवलं की मजकूर पुसला जातो आणि पाटी पुन्हा कोरी होते. कच्च्या विचाराला अशीच जागा लागते. शाईने लिहिलेलं वाक्य टिकाऊ म्हणून पुढे येतं आणि लिहिणारा बिचकतो. मेणावर लिहिलेलं चुकीचं निघालं तरी काही बिघडत नाही. आपल्या शाळांमधली धूळपाटी आणि नंतरची दगडी पाटी हाच दिलासा देत होत्या. शेक्सपिअरच्या काळात इंग्लंडमध्ये खिशात मावणाऱ्या वह्या विकत मिळत. त्यांच्या पानांवर खास लेप असे, त्यावर धातूच्या टोकाने लिहायचं आणि ओल्या बोळ्याने पुसायचं. बापाचं भूत भेटून गेल्यावर हॅम्लेट टिपणासाठी जे मागतो, ते असंच साधन असावं असं अभ्यासक मानतात.

पुसण्यासाठी केलेली ही वस्तू पूर्ण पुसली मात्र जात नाही. लंडनमध्ये ब्लूमबर्ग कंपनीच्या नव्या इमारतीच्या जागी 2010 ते 2014 या काळात उत्खनन झालं, तेव्हा वॉलब्रुक ओढ्याच्या ओल्या चिखलात 400 हून अधिक रोमन पाट्या सापडल्या. बऱ्याचशा दारूच्या जुन्या पिंपांच्या फळ्यांपासून बनवलेल्या. मेण गेलेलं, लाकूड टिकलेलं. घाईत लिहिणाऱ्याचा हात जड पडला की टोक मेणाच्या पार जाऊन लाकडाला ओरखडा काढतं. हे ओरखडे वेगवेगळ्या बाजूंनी तिरका उजेड टाकून छायाचित्रांत पकडले गेले आणि रोमन लेखांचे अभ्यासक रॉजर टॉमलिन यांनी ते वाचले. काम किचकट, कारण पाटी अनेकदा वापरलेली असली तर एकावर एक मजकूर चढलेला असतो. तारीख असलेली सर्वांत जुनी पाटी इसवी सन 57 मधल्या 8 जानेवारीची. टिबुलस नावाचा माणूस ग्रॅटसला मालाच्या किमतीपोटी 105 दिनार देणं लागतो, एवढंच तिच्यावर आहे. रोमनांचं लंडन तेव्हा जेमतेम दहा वर्षांचं असेल.

पुढे स्वस्त कागद आला, 16व्या शतकात इंग्लंडच्या बॉरोडेलमधलं ग्राफाइट आलं, त्याची पेन्सिल झाली आणि कोरड्या, चालता चालता लिहिता येणाऱ्या रेघेची गरज तिने भागवली. तरीही मेण लगेच हटलं नाही. फ्रान्समध्ये रूआँच्या मासळीबाजारात मेणपाट्यांवर हिशेब टिपणं 19व्या शतकातही चालू होतं. सतत ओल्या हातांनी व्यवहार करणाऱ्यांना ओल्या कागदापेक्षा मेण अधिक भरवशाचं वाटलं, तर त्यात नवल नाही.